मूल वाचत नाही म्हणता, पण तुम्ही वाचता का?

नौपाड्याची आई:
"मुलं वाचतच नाहीत हो" ही तक्रार आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सारखी येते. घरात मोठी माणसं वाचत नसतील तर मुलाला कितीही शिबिरांना घाला, उपयोग शून्य, असं माझं ठाम मत आहे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. त्यात किती पालक स्वतःसाठी पुस्तक बदलायला जातात? मुलाला वाचायला बसवायचं आणि आपण शेजारी मोबाइलवर रील्स बघायच्या. मग वाचन म्हणजे लहानांच्या मागे लावलेलं काम, असंच त्याला वाटणार. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात, मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना पाहिलेली मुलं पुढे स्वतःही तिला तशीच बडवू लागली. तसं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

घोडबंदरकर:
अजिबात पटलं नाही. प्रयोगातली नक्कल तेवढ्यापुरती असते, आवड वेगळी. आम्ही दोघं वाचणारे, घरात कपाट भरून पुस्तकं. लेक ढुंकून बघत नाही. तिला फुटबॉल हवा, आणि तो लागला मैत्रिणींमुळे. आईवडिलांपेक्षा सवंगड्यांचा प्रभाव मोठा, हे मुलांच्या जडणघडणीवर लिहिणाऱ्या ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९० च्या दशकातच मांडलंय. आणि सकाळी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिरून रात्री नऊला घरी पोचणाऱ्याने मुलांसमोर वाचायचं कधी? आधीच दमलेल्या पालकांच्या माथी आणखी दोष मारू नका.

नेरुळवासी:
आवडीबद्दल घोडबंदरकरांशी सहमत. आमच्या मुलाला फ्लेमिंगोंचं वेड वर्गमित्राने लावलं, त्याआधी आम्ही कधी खाडीकडे फिरकलो नव्हतो. पण वागणं? आमच्या इमारतीतले एक गृहस्थ वॉचमनवर खेकसतात, "ए, झोपलास काय? गेट उघड!" परवा त्यांचा दुसरीतला मुलगा सायकलवरून आला आणि तेच शब्द, त्याच सुरात. वॉचमनकाका साठीचे आहेत. मुकाट्याने गेट उघडलं त्यांनी. हे त्याला कुठल्या सवंगड्याने शिकवलं?

घोडबंदरकर:
हे मान्य, वागणं घरातूनच येतं. पण धागा वाचनावर आहे.

नौपाड्याची आई:
वेळ नसतो हे खरं, पण रविवार असतो ना? आमच्याकडे रविवारी सकाळी ज्याला जे हवं ते तो वाचतो. मुलगा पेपरातलं क्रिकेटचं पानच घेऊन बसतो, चालतं मला. आणि लेकीची मॅच बघायला तुम्ही जाता का?

घोडबंदरकर:
जमेल तेव्हा जातोच. ऑफसाइड म्हणजे काय हे तिनेच मला शिकवलं. तिने माझ्यासारखं वाचावं हा हट्ट मी कधीच सोडलाय.