अमेरिकेतील वाळवंटी घळींत गाइडसोबत चार दिवस: रावेरहून तयारी कशी करावी?

केळीबाग_रावेर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझे वय 51 आहे, पत्नीचे 47. मुलगी नोकरीनिमित्त फीनिक्सला असते आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. दक्षिण युटामधील वाळवंटी घळींत दोराने उतरत जाण्याची, गाइडसोबतची चार दिवसांची सहल करायचीच, असा तिचा हट्ट आहे. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत दोन भिंतींमधील अंतर इतके कमी दिसते की माणूस तिरका होऊन सरकतो आहे आणि पाठीवरची पिशवी काढून हातात धरावी लागली आहे. आम्ही अगदीच नवखे नाही. पाल, मनुदेवी, तोरणमाळ या भागांत आमचे नेहमी फिरणे असते आणि गेल्या हिवाळ्यात सह्याद्रीतली सांधण दरी दोराने उतरून खाली डेहणे गावापर्यंत गेलो होतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चारही रात्री घळीच्या आतच काढायच्या असतात का? मुलीला रजा ऑगस्टमध्ये मिळते आहे, तो महिना चालेल का? आणि गाइड चांगला आहे की नुसता बोलघेवडा, हे इथे बसून कसे ओळखावे? उन्हाची काळजी नाही. रावेरच्या मे महिन्यात केळीला पाणी भरत वाढलेला माणूस आहे.

पांझराकाठ यांचे उत्तर

नाना, मी मूळचा धुळ्याचा, गेली बरीच वर्षे युटामध्ये राहतो आणि या घळींत अनेकदा उतरलो आहे. आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे: ऑगस्ट नको. त्या प्रदेशातही पावसाळा असतो, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि तो आपल्यासारखा झड लावून पडत नाही; दुपारी एखाद्या पठारावर ढग फुटल्यासारखा कोसळतो आणि तासाभरात आकाश निरभ्र होते. तुम्ही सुकी नदीच्या खोऱ्यातले, म्हणून तुम्हाला फार समजावावे लागणार नाही. सातपुड्यात वर पाऊस झालेला असतो, खाली गावात कडक ऊन असते, आणि कोरड्या पात्रात बैलगाडी घालणाऱ्याला पाण्याचा आवाज ऐकू येईपर्यंत लोंढा वळणावर आलेला असतो. तिथेही हेच घडते, फक्त पात्र तीन फूट रुंद आणि काठ शंभर फूट उंच असतो, शिवाय वरच्या उघड्या खडकात पाणी जिरत नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी ऍरिझोनातील लोअर अँटेलोप घळीत 11 पर्यटक अशाच लोंढ्यात गेले. पाऊस घळीवर नव्हे, तर कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला पडला होता. 14 सप्टेंबर 2015 रोजी झायन राष्ट्रीय उद्यानातील कीहोल या लहानशा घळीत पन्नाशीतले सात जण दगावले, आणि पुराचा इशारा त्या दिवशी दिलेला होता. तेव्हा मुलीला रजा मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यायला सांगा.

आता मुक्कामाविषयी. बहुतेक सहलींत मुक्काम वर, मोकळ्या माळावर तंबूत किंवा जवळच्या गावात असतो. रोज पहाटे एका वेगळ्या घळीच्या माथ्यापर्यंत चालत जायचे, दिवसभरात ती उतरायची आणि संध्याकाळपर्यंत बाहेर पडायचे, असा क्रम असतो. घळीतच रात्र काढण्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बकस्किन गल्च आणि तिला लागून असलेली परिया नदीची दरी. एकटी बकस्किनच सुमारे वीस किलोमीटर लांब आहे, पण तिथे मुख्यतः चालणेच असते, दोराचे काम जवळजवळ नसते. मुक्कामी जाणाऱ्यांना परवाना लागतो आणि दिवसाला फक्त 20 जणांना तो मिळतो. तंबूही वाळूच्या उंच टप्प्यावरच लावायचा असतो, पात्रात कधीच नाही.

एक खुलासा करतो, कारण यात बऱ्याच जणांची फसगत होते. झायन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पैसे घेऊन दोराने घळी उतरवण्याची परवानगी कोणत्याही गाइडला नाही. जवळच्या स्प्रिंगडेल किंवा कनॅब या गावांतून निघणाऱ्या अशा सहली उद्यानाच्या बाहेरच्या घळींत जातात. त्या घळी सुंदरच आहेत, पण कोणी आतल्या प्रसिद्ध घळीत दोराने उतरवण्याचे कबूल करत असेल, तर तिथेच थांबावे. अँटेलोप घळ नवाहो लोकांच्या भूमीवर आहे. तिथे त्यांच्या अधिकृत गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि ती पाहायला दोर लागत नाही.

उन्हाला घाबरत नाही म्हणता, ते ठीक आहे. पण थंडीला घाबरा. बाहेर चाळीस अंश तापलेले असताना घळीच्या तळाशी ऊन दिवसातून काही मिनिटेही पोहोचत नाही, आणि तिथे साचलेले पाणी इतके गार असते की छातीएवढ्या पाण्यातून दोनदा गेल्यावर बोटांना कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू फिरवता येत नाही. गाइड मे महिन्यात वेटसूट (गार पाण्यात अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) घालायला देतो, तेव्हा 'आम्ही खान्देशी माणसे' म्हणून तो नाकारू नका. मी नाकारला होता.

गिरणेचा_भटक्या यांचे उत्तर

मी चाळीसगावचा. पाटणादेवीच्या डोंगरांत आणि सह्याद्रीत लोकांना घेऊन जातो. वाळवंटातल्या घळींत मी स्वतः दोनदाच उतरलो आहे, म्हणून फक्त दोराविषयी लिहितो.

सांधणचा अनुभव उपयोगी पडेल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आपला खडक बेसाल्ट, ओबडधोबड आणि टणक. तिथला वालुकाश्म म्हणजे सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन बसलेल्या. त्यावर बुटाची पकड छान बसते, पण पावसाने भिजल्यावर तोच दगड कमकुवत होतो, आणि वाळूने माखलेला दोर वर्षानुवर्षे एकाच कडेवरून ओढला गेल्याने तिथे बोटभर खोल खाचा पडलेल्या दिसतात. आपल्याकडे कातळात ठोकलेला बोल्ट पाहायची सवय असते. तिथे अनेक ठिकाणी दोर घळीत अडकलेल्या धोंड्याला, झुडपाच्या बुंध्याला किंवा दगडांच्या ढिगात पुरलेल्या एका दगडाला गुंडाळलेल्या पट्टीतून ओवलेला असतो. माझ्या गाइडने एका टप्प्यावर आधीच्या कोणाची तरी लाल पट्टी पाहिली. उन्हाने ती एका बाजूने गुलाबी पडली होती. त्याने ती नखाने खरवडली, वाकवली, आतले धागे कडक झालेले पाहिले, आणि काही न बोलता चाकूने कापून खिशात टाकली व स्वतःची नवी बांधली. यात त्याची वीस मिनिटे गेली. गाइड कसा आहे हे मला त्या वीस मिनिटांत समजले.

दुसरी गोष्ट सांधणलाही लागू आहे, पण तिथे ती अंगावर येते. सगळे उतरले आणि दोर खाली ओढून घेतला, की परतीची वाट संपली. पुढे काय आहे ते पार करूनच बाहेर पडायचे. निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील, तसेच खळगे या घळींतही असतात, फक्त त्यात आपण आत असतो. रांजण काठोकाठ भरलेला असेल तर पोहून पलीकडे जाता येते, कोरडा असेल तर एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून चढता येते. अर्धा भरलेला सर्वांत वाईट, कारण पाय तळाला टेकत नाहीत आणि हात काठाला पोहोचत नाही. तिथे वाळूने भरलेली पिशवी दोराला बांधून पलीकडच्या काठावर फेकतात आणि तिच्या वजनाच्या आधाराने पहिला माणूस वर चढतो. म्हणून पोहता येणे आणि खांद्यांत जोर असणे या दोन गोष्टी आधी हव्यात.

गाइडला विचारायचे ते असे. एखादा माणूस दोरावर मध्येच अडकला, केस किंवा सदरा डिसेंडरमध्ये (दोरावरून हळू उतरण्याच्या साधनात) गुंतला, तर त्याला वरून खाली सोडता येईल अशा पद्धतीने दोर लावता का? एका गाइडमागे किती माणसे असतात? आणि हवामान बिघडले तर त्या दिवशी काय करता? यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. चांगला माणूस लगेच सांगतो की सकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहतो, पुराची शक्यता 'नाही' असेल तरच अरुंद घळीत शिरतो, नाहीतर अमुक रुंद दरीत किंवा माथ्यावरच्या वाटेवर नेतो. 'बघू, आमच्या नशिबाने आजवर काही झाले नाही' असे म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. मी स्वतः एकदा इथल्याच एका गटाबरोबर चाळीस माणसे आणि एक दोर अशा अवस्थेत उतरलो आहे. शेवटचा माणूस खाली आला तेव्हा टॉर्च लावावे लागले होते.

बोरी_अमळनेर यांचे उत्तर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे थोडेसे वहिनींसाठी आणि तुमच्यासाठीही लिहिते. दोराने उतरताना गुडघ्यांवर जितका ताण येतो, त्याहून जास्त अरुंद भागात पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लावून सरकताना येतो. आजपासून रोज भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसण्याचा व्यायाम करा. सुरुवातीला अर्धा मिनिट, मग वाढवत न्या. माणशी दिवसाला चार लिटर पाणी लागते, म्हणजे पाठीवर चार किलो झालेच. आणि कोंडल्यासारखे वाटण्याचा त्रास दोघांपैकी कोणाला आहे का, हे आत्ताच पाहा. तो तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही.

केळीबाग_रावेर

सर्वांचे मनापासून आभार. मुलीने रजा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वळवली आहे. तिने दोन गाइडांना हवामानाचा तो तिसरा प्रश्न लिहून पाठवला. एकाने पर्यायी चार वाटांची यादी पाठवली, दुसऱ्याने सवलतीचा दर पाठवला. पहिल्याचे नक्की केले. पत्नीला पोहता येत नव्हते, ती आता जळगावच्या तलावावर शिकायला जाते. आता एकच विचारायचे राहिले: सांधणला वापरलेले बूट आणि कपडे चालतील का?

पांझराकाठ

बूट चालतील, पण तळ चिकट रबराचा असावा आणि झिजलेला नसावा. कपडे मात्र परत आणायचे नाहीत या हिशोबाने न्या. वालुकाश्म सँडपेपरसारखा घासतो आणि कोपरे व बसायची जागा दुसऱ्या दिवशीच फाटते. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा आणि कोपरांना पॅड घ्या. आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: अनेक घळींत शौचासाठी दिलेल्या पिशवीतच सगळे भरून बाहेर आणावे लागते, आणि ती पिशवी दिवसभर आपल्याच पाठीवर असते. घट्ट झाकणाचा एक डबा मुलीला आत्ताच घेऊन ठेवायला सांगा, आणि त्यावर ठळक अक्षरांत खूण करा, म्हणजे जेवणाच्या वेळी कोणी उघडणार नाही.