दहावीनंतर कृषी अभियांत्रिकीची पदविका: मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सेलू तालुक्यात कोरडवाहू शेती करतो आणि माझा पुतण्या यंदा दहावी उत्तीर्ण झाला आहे. गेल्या खरिपात सोयाबीन पेरताना पेरणीयंत्राच्या एका नळीत ओली माती अडकून बियाणे पडेनासे झाले, तेव्हा त्यानेच नळी सोडवून, फणाची खोली कमी करून यंत्र पुन्हा चालू केले. त्याचा कल मला तेव्हाच कळला.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी आहे, परंतु तिला बारावी विज्ञान लागते. त्याआधी हाताने काम शिकवणारी पदविका मराठवाड्यात कोठे आहे, तिच्यात यंत्रे, सिंचन व मृदसंधारणाचे प्रात्यक्षिक किती असते आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का, हे प्रत्यक्ष शिकलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.