मदत हवी आहे: भिगवणच्या ऑस्प्रेचे फोटो काळे येतात

रानवारा:
उजनीच्या बॅकवॉटरला ऑस्प्रे मासा खाताना मिळतोय, पण फोटो बघवत नाहीत. पक्षी काळाठिक्कर, मागचं आकाश पांढरंफटक, डोळा तर सापडतच नाही. यूट्यूबवर सांगतात ते सगळं करून झालं. रविवारी परत जातोय. सेटिंग सांगा, प्लीज लवकर.

कोकणकडा:
कॅमेरा कुठला? लेन्स? होडीतून की काठावरून? किती वाजता?

रानवारा:
होडीतूनच. पाण्यातल्या वठलेल्या झाडावर बसून खातो. कॅमेरा चांगला आहे, प्रश्न सेटिंगचा आहे.

जुना_शटर:
झूम विका, ५०० मिमीची प्राइम (झूम न होणारी लेन्स) घ्या. मी घेतली आणि प्रश्न मिटला. शिवाय ट्रायपॉड न्याच.

तळ्याकाठी:
जुना_शटर, प्राइमनेही आकाशासमोरचा पक्षी काळाच येईल. आणि होडी डुलली की ट्रायपॉडही डुलणार. रानवारा, खाली बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा. शटर १/१६०० सेकंदाच्या खाली नको, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ पासून सुरू करून हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघत जा.

जुना_शटर:
मी बऱ्याच वर्षांपासून होडीत मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) वापरतोय. जमतं.

तळ्याकाठी:
मोनोपॉड वेगळा, तुम्ही ट्रायपॉड म्हणालात.

पिंपळपान:
ताडोब्यात सर्पगरुड साप खाताना मिळाला तर जिप्सीच्या दांडीवर बीन बॅग टाका आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. फार फरक पडतो.

खादाडभाऊ:
भिगवणला चिलापीचं कालवण चांगलं कुठे मिळतं?

मैना_पुणे:
एक कळकळीची विनंती. नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. ऑस्प्रे माशाच्या डोक्यापासून सुरुवात करतो, मोठा मासा संपवायला तासभरही लागतो, म्हणजे तुमच्याकडे भरपूर वेळ असतो. तो लचका तोडताना मान खाली असते, तेव्हा डोळा मिळणार नाही. घास गिळून मान वर करतो आणि इकडेतिकडे बघतो, तेव्हा बर्स्ट (सलग भराभर फोटो) मारा. पण खाणं थांबवून एकटक होडीकडेच बघायला लागला तर तिथेच थांबा. मासा घेऊन उडाला की घारी मागे लागतात, पकडलेला मासाही जातो.

रानवारा:
इंजिन लांबच बंद करतो आम्ही. शटर १/५०० असतं. पोचायला दहा वाजतात.

कोकणकडा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! दहानंतर ऊन डोक्यावर येतं, पोटाखाली नुसती सावली. पाण्यावरची हवाही थरथरते, मग लांबून कुठलीच लेन्स डोळा धारदार देत नाही. आदल्या रात्री तिथेच भिगवणजवळ कुंभारगावला मुक्काम करा, उजाडताच होडी काढा, सूर्य पाठीशी ठेवा. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढता की जेपेग?

रानवारा:
जेपेग.

तळ्याकाठी:
रॉ करा. सावलीतली पिसं नंतर बरीच उघडता येतात.

जुना_शटर:
लेन्स अजून सांगितलेली नाही.

पिंपळपान:
दलदल भोवत्या (मार्श हॅरियर) वारकरी पक्षी (कूट) पकडताना कुणाला मिळालाय का तिथे? रविवारी होडीत एक जागा असेल तर मीही येते.