फ्र्वासारच्या हस्तलिखितातील जळते नर्तक: वादक का थांबत नाहीत?

चित्रवाचक, सावंतवाडी
चौदाव्या शतकातील इतिवृत्तकार फ्र्वासार याने लिहिलेल्या वृत्तांताची पंधराव्या शतकातील एक सचित्र प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यातील एक चित्र मी सध्या पडद्यावर मोठे करून न्याहाळत आहे. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याच्या दरबारात रानटी माणसांची सोंगे घेतलेल्या सरदारांनी पेट घेतला आहे. ते अंगावरचे कपडे ओरबाडत आहेत, एक जण पिंपात शिरला आहे आणि राजाची काकी असलेल्या बेरीच्या डचेसने आपल्या निळ्या झग्याचा घोळ, सोंगात सामील झालेल्या राजावर पांघरला आहे. वर सज्जात मात्र वादकांचे वादन चालूच आहे. एवढा आकांत उसळला असताना ते थांबले कसे नाहीत? चित्रकाराने हा प्रसंग स्वतः पाहिला असेल का?

जुनी पाने, रत्नागिरी
पाहिला असणे शक्यच नाही. हा प्रसंग पॅरिसमध्ये २८ जानेवारी १३९३ रोजी, राणीच्या एका सखीच्या लग्नाच्या समारंभात घडला, तर ही प्रत ब्रुज (आजच्या बेल्जियममधील शहर) येथे १४७० च्या सुमारास तयार झाली. चित्रकारासमोर होता तो फ्र्वासारचा मजकूर. त्या मजकुराशी चित्र ताडून पाहावे. नांतुये नावाचा सरदार जवळच्या कोठीकडे धावला आणि तेथे पेले-ताटल्या विसळण्यासाठी ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात उडी घेऊन वाचला, असे फ्र्वासार सांगतो. चित्रकाराने ते पिंप थेट दालनात आणून ठेवले आहे. म्हणजे त्याने एका क्षणाचे दृश्य टिपलेले नाही, तर नृत्य, आग आणि सुटका या तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत बसवल्या आहेत. वादक नृत्याच्या क्षणातले आहेत, डचेस सुटकेच्या क्षणातली. माझ्या मते ही चित्रकाराची बेफिकिरी नसून कथनाची पद्धत आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नर्तक कोण आहेत हे पाहण्यासाठी मशाल जवळ नेल्याचा ठपका फ्र्वासार राजाचा भाऊ लुई, ऑर्लेआंचा ड्यूक, याच्यावर ठेवतो. याच लुईचा १४०७ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने खून करवला, आणि प्रत तयार झाली तेव्हा ब्रुज बर्गंडीच्याच अमलाखाली होते. त्यामुळे लुईवरचा ठपका या चित्रात कसा दाखवला आहे, हेही जपून पाहावे.

बंदरकाठ, देवगड
आग इतक्या झपाट्याने का पसरली, हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला चटकन उमगेल. लिननच्या कापडावर राळेसारखा चिकट लेप देऊन त्यावर जवसाच्या झाडाचे धागे केसांसारखे चिकटवले होते. लाकडी होड्यांच्या फटी बुजवताना कापूस आणि राळ वापरत, आणि त्या कामाजवळ विस्तव नेऊ नये हे सुतार आधी बजावत असत. पॅरिसमध्येही मशाली दूर ठेवण्याचा हुकूम निघाला होता. तो पाळला गेला नाही आणि चार जण दगावले.

चित्रवाचक, सावंतवाडी
पिंपाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आभारी आहे. आपल्याकडच्या दरबारी चित्रांतही अशी मांडणी आढळते का?

पोथीघर, कुडाळ
पिंगुळीच्या चित्रकथीत कथेचे प्रसंग वेगवेगळ्या पानांवर असतात आणि सांगणारा गात गात एकेक पान पुढे करतो, त्यामुळे अनेक क्षण एका पानावर दाटण्याची फारशी गरज पडत नाही. ज्या ग्रंथातले चित्र डोळ्यांनीच वाचायचे असते, तेथे ती पडते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अकबरनाम्यात (अकबराच्या कारकिर्दीच्या सचित्र इतिहासग्रंथात) अकबराचा दूधभाऊ अदहम खान याच्या शिक्षेचे चित्र आहे, ते अवश्य पाहावे. १५६२ मध्ये त्याने अकबराचा मंत्री अतगा खान याला ठार केले. चिडलेल्या अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकायला लावले, आणि तो जिवंत आहे असे कळताच पुन्हा वर आणवून दुसऱ्यांदा फेकवले. चित्राची आखणी मिस्कीनाची, रंगकाम शंकरचे, आणि काळ १५९० नंतरचा, म्हणजे तेही प्रत्यक्षदर्शीचे चित्र नव्हे. त्यात डोके खाली करून कोसळणाऱ्या अदहम खानाकडे पाहून झाले की वर उभ्या असलेल्या अकबराकडे आणि मग भोवतालच्या प्रत्येक माणसाकडे सावकाश पाहावे, आणि कोण कोणत्या क्षणातला आहे ते आपण वादकांविषयी विचारले तसेच विचारावे.