मदत हवी आहे: वडिलांचा हात थरथरतो, एक अक्षर दोनदा उमटतं. विंडोजमध्ये काय बदलू?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून लिहितोय. माझे वडील, नाना, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. आता वय 76. निवृत्तीनंतर त्यांनी अहिराणी शब्द जमवायला घेतले. आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), धल्ला (म्हातारा), बठ्ठं (सगळं) असे रोजचे शब्द तर आहेतच, पण मोट, नांगर, जातं, खापर यांच्याबरोबर जे शब्द घरातून गेले तेही त्यांनी म्हाताऱ्या बायकांजवळ बसून उतरवून घेतलेत. वह्या भरल्यात. हात थरथरायला लागल्यावर त्यांचं अक्षर त्यांनाच लागेना, म्हणून सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं.

जुना कॉम्प्युटर बंद पडला. महिन्यापूर्वी एक वापरलेला घेतला, विंडोज 10 आहे, लिहायला लिब्रेऑफिस हे सॉफ्टवेअर टाकलंय. नाना पहाटे साडेचारला बसतात, कारण सध्या दुपारी त्या खोलीत थांबवत नाही. अडचणी अशा:

क दाबला की कक उमटतो, कधी ककक. नाना मागे जाऊन खोडतात, खोडतानाही जास्तीचं खोडलं जातं. काल म्हणाले, "खोडता खोडता मी शबदच इसरी जास." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

फाइल उघडायला डबल क्लिक जमत नाही. दोन क्लिकच्या मधे माउस सरकतो.

अक्षर बारीक दिसायचं म्हणून मी रिझोल्यूशन 1920 बाय 1080 वरून 1280 बाय 720 केलं. अक्षर मोठं झालं पण धुरकट दिसतं. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, धुरकट अक्षराने डोळे दुखतात.

'करी ऱ्हायना' (करतो आहे) मधला ऱ्हा येत नाही. र, पाय मोडायची की आणि ह दाबलं की ह च्या डोक्यावर रफार चढतो, 'र्हायना' असं काहीतरी होतं. अहिराणीत हा ऱ्हा दर दुसऱ्या वाक्यात लागतो. नाना इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीवर, टाइप करतात.

आणि लाइट गेली की घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं. मग वेबसाइटही उघडत नाहीत.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझ्या तिन्ही बहिणी माहेरी येतात. तोवर निदान पहिला भाग छापून त्यांच्या हातात द्यायचा असं नानांनी मनावर घेतलंय. थरथरीवर डॉक्टरांचं औषध सुरू आहे, त्यामुळे तो प्रश्न इथे नको. कॉम्प्युटर त्यांच्या हाताप्रमाणे चालेल असं काय करता येईल, तेवढं सांगा.

गिरणाथडी

भाऊ, कीबोर्डची गोष्ट आधी घेऊ, कारण बाकीचं सोपं आहे. पण काही बदलण्याआधी एक पाहून घ्या. नोटपॅड उघडा आणि तुम्ही स्वतः क ची की दहा वेळा सावकाश दाबा. तुमच्या बोटानेही कक येत असेल तर की खराब आहे, सेटिंग बदलून उपयोग नाही, कीबोर्डच बदला. तुमच्याकडून बरोबर येत असेल तर नानांना दहा वेळा दाबायला सांगा आणि त्यांच्या बोटाकडे बघा, स्क्रीनकडे नको. बोट कीवर टेकून राहतं, की उचलून परत लागतं? या दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

बोरीकाठ

पाहिलं. माझ्याकडून दहाही बरोबर. नानांकडून दहातले सात वेळा कक. बोट टेकून राहत नाही, उचलताना परत लागतं.

गिरणाथडी

मग तुम्हाला हवंय ते 'बाउन्स कीज'. कंट्रोल पॅनेल उघडा, ईज ऑफ अ‍ॅक्सेस सेंटरमध्ये जा, कीबोर्ड वापरायला सोपा करण्याचा पर्याय आहे, त्यात 'फिल्टर कीज' सुरू करा. तिथेच त्याच्या सेटअपमध्ये गेलात की बाउन्स कीज निवडता येतं आणि वेळ ठरवता येते. सगळ्यात कमी अर्धा सेकंद आहे, तोच ठेवा. म्हणजे एक की दाबल्यावर तीच की अर्ध्या सेकंदाच्या आत परत लागली तर विंडोज ती मोजतच नाही. दुसरी कुठली की दाबली तर ती लगेच घेतो.

त्याच पानावर 'स्लो कीज' दिसेल. त्यात की ठरावीक वेळ दाबून धरली तरच अक्षर उमटतं. चुकून शेजारच्या कीला बोट लागणाऱ्यांसाठी ते चांगलं, पण बाउन्स आणि स्लो दोन्ही एकत्र लागत नाहीत. नानांना बाउन्सच योग्य.

जोडाक्षराची काळजी करू नका. 'धल्ला' मधे दोन ल आहेत, पण इन्स्क्रिप्टमध्ये ल, मग पाय मोडायची की, मग परत ल असं जातं. मधे दुसरी की येते, त्यामुळे दुसरा ल अडत नाही. इंग्रजी टाइप करताना मात्र दोन एल लागोपाठ हवे असतील तर जरा थांबावं लागेल.

कोणाचं बोट कीवर टेकून राहत असेल आणि अक्षरांची रांग लागत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या कीबोर्डमध्ये 'रिपीट डिले' नावाची सरकपट्टी आहे, ती 'लाँग'कडे न्यायची. धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून लिहून ठेवतो.

सातपुडा_पायथा

ऱ्हा चं मी सांगते, कारण मीही यात खूप दिवस अडकले होते. तो साधा र नाहीच. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्ता असलेला वेगळा र आहे, ऱ. इन्स्क्रिप्टवर जे या इंग्रजी कीवर साधा र येतो, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. म्हणून शिफ्ट आणि जे, मग पाय मोडायला डी, मग ह साठी यू. झाला ऱ्ह. 'सुऱ्या', 'पोऱ्या' यांतला ऱ्य पण असाच, फक्त शेवटी य.

आतापर्यंत टाइप केलेलं सुधारायला लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल आणि एच दाबा. शोधायच्या चौकटीत र्ह, बदलायच्या चौकटीत ऱ्ह. पण सगळं एकदम बदलायचं बटण दाबू नका, एकेक बघत जा. प्रस्तावनेत कुठे 'अर्हता' वगैरे शब्द असेल तर तिथला रफार बरोबर आहे, तो बिघडायला नको.

नानांना माझा नमस्कार सांगा. माझी आजी यावल भागातली. ती डोळ्याला डोया आणि शाळेला शाया म्हणायची. आमच्याकडे कुणी लिहून ठेवलं नाही.

भुसावळ_अप_डाउन

घड्याळाचं: कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा सपाट सेल असतो, त्यावर सीआर 2032 लिहिलेलं असतं. 3 व्होल्टचा. बाहेरची वीज बंद असते तेव्हा घड्याळ त्या सेलवर चालतं. तो संपलाय. लाइट असेपर्यंत कळत नाही, भारनियमन झालं की कळतं. मनगटी घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून ठेवा, सेल कुठल्या बाजूने बसवलाय त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मगच उचला.

वेबसाइट न उघडण्याचं कारणही तेच. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला तारखेची मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर जुनी तारीख धरून बसला की ते प्रमाणपत्र त्याला अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं. सेल बदलल्यावर सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज उघडा, टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली हाच आहे ना ते पाहा आणि वेळ आपोआप लावण्याचा पर्याय सुरू करा.

सेल आजच बदला असं म्हणेन. नानांच्या फाइलींवरही चुकीच्या तारखा पडत असणार. नवी फाइल कुठली, जुनी कुठली हे तारखेवरून बघायला गेलात तर नव्यावर जुनी चढवून बसाल.

आणि लाइट जातेच आहे तर लिब्रेऑफिसच्या टूल्स, ऑप्शन्समध्ये लोड-सेव्ह, त्यात जनरल उघडा. आपोआप जपून ठेवायची वेळ 10 मिनिटं असते, ती 2 करा. पहाटेचे आठ मिनिटांचे शब्द वाचतील.

गिरणाथडी

स्क्रीन: रिझोल्यूशन परत 1920 बाय 1080 करा. ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच ठेवायचं, कारण पडद्यावर तेवढेच ठिपके खरे आहेत, त्यापेक्षा कमी घेतले की एक ठिपका दीड ठिपक्यावर ताणला जातो आणि धुरकट होतं. अक्षर मोठं करायला त्याच पानावरचं 'स्केल' 150 टक्के करा. तरी मेन्यूतली अक्षरं बारीक वाटली तर ईज ऑफ अ‍ॅक्सेसच्या डिस्प्लेमध्ये फक्त अक्षरं वाढवण्याची वेगळी पट्टी आहे, ती 225 टक्क्यांपर्यंत जाते. माउसचा बाणही तिथेच मोठा आणि काळा करता येतो.

डबल क्लिकचा नाद सोडा. वेग कमी करायची पट्टी माउसच्या सेटिंगमध्ये आहे, पण तुमच्याकडे अडचण वेगाची नाही, माउस सरकण्याची आहे. फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्समध्ये एका क्लिकवर उघडण्याचा पर्याय निवडा.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बसलो. स्क्रीन लख्ख झाली. एका क्लिकवर फाइल उघडते. सेल अमळनेरहून आणून टाकला. बाउन्स कीज लावलं आणि नानांनी पहिल्या दहा मिनिटांत एकदाही न खोडता तीन ओळी लिहिल्या.

पण आज पहाटे परत बिघडलं. नाना ऱ्हा लिहायला उजवी शिफ्ट धरून 'जे' ची की शोधत होते. मधेच कॉम्प्युटरने आवाज केला आणि त्यानंतर परत कक यायला लागलं. नानांना वाटलं आपल्या हातून काहीतरी मोडलं. मी उठेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून होते. असं का झालं?

दुसरं, बॅकस्पेस भराभर दाबला तर एकच अक्षर जातं.

गिरणाथडी

चूक माझी, हे आधीच सांगायला हवं होतं. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की फिल्टर कीज सुरू किंवा बंद होतं, तो त्याचा शॉर्टकट आहे. नानांनी जे शोधेपर्यंत तेवढा वेळ गेला. काही मोडलेलं नाही, हे त्यांना नक्की सांगा. फिल्टर कीजच्या पानावर त्या शॉर्टकटची खूण काढून टाका.

पण थरथरत्या हाताने एक की धरून दुसरी दाबायची, हेच मुळात कठीण आहे. ऱ, ळ, ण तिन्हींना शिफ्ट लागते. म्हणून 'स्टिकी कीज' सुरू करा. मग शिफ्ट दाबून सोडायची, बोट उचलायचं, निवांत जे शोधायचा आणि दाबायचा. ऱ येतो. एका बोटाने सगळं होतं. त्याच्या खालच्या दोन खुणा मात्र काढा. एक, शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबली की अडकून राहते ती. नानांचं बोट दोनदा लागणारच. दुसरी, दोन की एकत्र दाबल्या तर स्टिकी कीज बंद होतं ती.

बॅकस्पेस ही सुद्धा कीच, म्हणून तिलाही अर्ध्या सेकंदाचा नियम लागतो. तो त्यांच्या फायद्याचा आहे, जास्तीचं खोडलं जाणार नाही. पूर्ण शब्द खोडायचा तर कंट्रोल दाबून सोडायचा आणि मग एकदाच बॅकस्पेस. स्टिकी कीज असलं की हेही एका बोटाने होतं.

घरात मुलं तोच कॉम्प्युटर वापरत असतील तर नानांचं वेगळं यूजर अकाउंट करा. या सगळ्या सेटिंग ज्याच्या त्याच्या अकाउंटपुरत्या राहतात. नाहीतर नातू येऊन 'कीबोर्ड अडतोय' म्हणून सगळं बंद करून जाईल.

भुसावळ_अप_डाउन

एक जोडतो. विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट, म्हणजे नेहमी येणारे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. आखाजीच्या तोंडावर काही बदलू नका, पण अनोळखी ईमेल आणि डाउनलोडपासून तो कॉम्प्युटर लांब ठेवा, आणि शब्दांची फाइल दर रविवारी पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह दुसऱ्या खोलीत ठेवा.

बोरीकाठ

चार दिवस झाले, एकदाही बिघडलं नाही. नानांचं वेगळं अकाउंट केलं. शिफ्ट दाबून सोडायची हे त्यांच्या लगेच अंगवळणी पडलं, कंट्रोलला अजून वेळ लागतोय, म्हणून ते बॅकस्पेस सावकाश दाबतात आणि त्यावर समाधानी आहेत. र्ह चा ऱ्ह करताना 212 जागा निघाल्या. नाना एकेक वाचत बसले आणि त्या निमित्ताने सात शब्दांचे अर्थ सुधारले.

आज पहाटे मी उठलो तर स्क्रीनवर नवी ओळ होती: 'मन्हा आंडोर कीबोर्ड सुधारी ऱ्हायना.' ऱ्हायना शब्दाचं उदाहरण म्हणून घातलंय. म्हटलं काढा, तर नाही म्हणाले.

गिरणाथडी दादा, सातपुडा ताई, भुसावळ दादा, छापून झालं की तुम्हाला प्रती पाठवायच्या आहेत, नानांनी बजावलंय. सातपुडा ताई, आजींचे आठवतील ते शब्द लिहून पाठवा, नाना त्यांच्या गावाच्या नावासकट घेतील.

सातपुडा_पायथा

पाठवते. आज आईला फोन करून विचारते, तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतील.

तरसोद_फाटा

धागा आत्ता वाचला. माझ्या काकूंचाही हात थरथरतो, त्यांच्याकडे विंडोज 11 आहे. तिथे ईज ऑफ अ‍ॅक्सेस सापडत नाही.

गिरणाथडी

विंडोज 11 मध्ये त्याचं नाव अ‍ॅक्सेसिबिलिटी झालंय. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग कीबोर्ड. स्टिकी कीज आणि फिल्टर कीज दोन्ही तिथेच आहेत. पण आधी नोटपॅडमध्ये दहा वेळा दाबून बोट बघा.