‘अक्षरचित्र’ की ‘टंकचित्र’?

पृच्छा (रावेर): केळीच्या पानांवरील करप्याची छायाचित्रे आम्ही बागांमधून गोळा करून दूरच्या सर्व्हरवर साठवतो. तेथे फक्त टर्मिनल, म्हणजे केवळ चिन्हेच दाखवणारा पडदा, असल्यामुळे कोणती फाइल कोणत्या बागेची हे ओळखण्यापुरते ‘जेपीटूए’ किंवा ‘चाफा’ हा प्रोग्रॅम चालवून चित्र चिन्हांच्या रूपात पाहतो. बोलताना सगळे ‘आस्की आर्ट’च म्हणतात. टिपणात मी ‘अक्षरचित्र’ लिहिले, तेव्हा सहकाऱ्याने विचारले, “म्हणजे अक्षरगणेशासारखे का?” हा शब्द चालेल का?

उत्तर (अमळनेर): आपल्या सहकाऱ्याची शंका रास्त आहे. अक्षरगणेशात नावातील अक्षरे वळवून गणपती साकारतात, आणि नाव वाचता येणे हीच त्यातली गंमत असते. टर्मिनलवरील चित्रात वाचण्यासारखे काहीच नसते. प्रोग्रॅम छायाचित्राचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याचा उजळपणा मोजतो आणि पडद्यावर एका चिन्हासाठी असलेल्या घरातली तितकी जागा भरणारे चिन्ह तेथे बसवतो. एके ठिकाणी टिंब, तर दुसरीकडे भरगच्च @. (काळ्या पडद्यासाठी लावलेला विरळ ते भरगच्च चिन्हांचा क्रम पांढऱ्यावर तसाच ठेवला, तर पान निगेटिव्हसारखे दिसते.) टर्मिनलचे घर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असल्याने ओळी त्या मानाने कमी घ्याव्या लागतात, नाही तर केळीचे पान उभे ताणले जाते. शिवाय १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की या संगणकीय चिन्हसंकेतातील छापण्याजोग्या, रिकाम्या जागेसह ९५ चिन्हांत आपले एकही अक्षर नाही. देवनागरी वापरून पाहिली, तर जोडाक्षरे एका घरात मावत नाहीत आणि शिरोरेषेमुळे चित्रभर आडव्या पट्ट्या उमटतात. म्हणून मी ‘टंकचित्र’ सुचवतो. आमच्या टायपिंगच्या क्लासात सराव संपला की मुले फुल्या आणि टिंबे बडवून फुलपाखरे काढत, त्यांनाही हे नाव शोभले असते.

प्रत्युत्तर (धुळे): ‘टंक’ म्हटले की कळफलक आठवतो, पण चाफा अर्धे भरलेले ठोकळे आणि ब्रेलचे ठिपकेही वापरतो. ब्रेलच्या एका घरात आठ ठिपके, म्हणजे २५६ आकृत्या, आणि त्या काही कळ दाबून उमटवलेल्या नसतात. ‘चिन्हचित्र’ अधिक व्यापक ठरणार नाही का?

उत्तर (अमळनेर): व्यापक खरा; पण ‘चिन्ह’ म्हटल्यावर आपल्याकडे आधी निवडणूक आठवते, आणि चिन्हचित्र म्हणजे मतपत्रिकेवरील पतंग किंवा शिट्टी असा समज व्हायचा. ‘टंक’ हा शब्द फॉन्टसाठीही रुळला आहे, त्यामुळे फॉन्टमधील कोणतीही आकृती, मग तो ठोकळा असो की ठिपके, त्याच्या कक्षेत येते. मर्यादा मात्र पाळावी. सिक्सेल पद्धतीत टर्मिनलवर चित्राचे बिंदूच उमटतात, फॉन्टचा त्यात संबंध येत नाही. त्याला टंकचित्र म्हणू नये. रावेरकरांनी टिपणात असे लिहावे: “टंकचित्रावरून बाग ओळखली, करप्याचे ठिपके मात्र मूळ छायाचित्रातच तपासले.”