मदत हवी आहे: दोन्ही मॉनिटर अचानक मंद (लिनक्स), तातडीचं

अक्षरजुळणी
लवकर उत्तर हवंय. दोन्ही मॉनिटर मंद दिसायला लागलेत. खालची बटणं दाबून उजेड वाढवला की ठीक, नंतर परत तेच. लिनक्स आहे. मी काहीही बदललेलं नाही. दिवाळी अंकाची ११२ पानं अंगावर आहेत. काल फोटो गडद वाटले म्हणून उजळ करून पाठवले, तर प्रूफात लेखकाचं तोंड चुन्याच्या निवळीत बुडवून काढल्यासारखं आलं. दुरुस्तीवाला फोनवरच म्हणाला, बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) गेली, घेऊन या. दोन्हीची एकाच आठवड्यात जाते का?

टर्मिनलबाबा
कुठलं लिनक्स? डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनू दाखवणारा प्रोग्राम कुठला, ग्नोम की केडीई की आणखी काही? पडद्यावर चित्र उमटवणारी व्यवस्था एक्स११ की वेलँड? केबल कुठल्या? "लिनक्स आहे" एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "पोट आहे" म्हणण्यासारखं झालं.

कोकणचा_भोपळा
बाबा, कशाला घाबरवता त्यांना. ताई, टर्मिनल उघडा आणि एक्सरँडर या पडद्याच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडला तुमच्या आउटपुटचं नाव देऊन ब्राइटनेस १.३ टाका. मी चार वर्षं हेच करतोय. दोन सेकंदांचं काम.

टर्मिनलबाबा
चार वर्षं चूक करताय मग. एक्सरँडरचा ब्राइटनेस दिव्याला हातही लावत नाही, चित्रातले आकडे गुणून मोठे करतो. १.३ दिलात की वरचे फिकट रंग सगळे पांढऱ्यात जमा. छपाईचं काम करणाऱ्या माणसाला हा सल्ला? शिवाय वेलँडवर ती कमांड असं काही करतच नाही.

निवृत्त_वायरमन
घरातलं व्होल्टेज मोजलंत का? संध्याकाळी आमच्याकडे १८० वर येतं. ट्यूब फडफडते. मॉनिटर मंद होणारच. स्टॅबिलायझर बसवा.

मुळामुठा
काका, ट्यूबचं ठीक आहे. पण मॉनिटरच्या पॉवर सप्लायवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. १८० ला त्याला काही कळतही नाही.

निवृत्त_वायरमन
लिहिलेलं पुष्कळ असतं.

चष्मिष्ट
वय काय तुमचं? माझ्या सासूबाईंना टीव्ही असाच मंद दिसायचा, निघाला मोतीबिंदू. एकदा डोळे तपासून घ्या.

अक्षरजुळणी
एकेचाळीस. डोळे ठीक आहेत, फोन स्वच्छ दिसतो. डेबियन आहे, केडीई. वेलँड की काय ते कुठे बघायचं? एक मॉनिटर एचडीएमआय, दुसऱ्याची केबल वेगळी आहे, जाड टोकाची. सकाळपासून एकही पान झालेलं नाही.

रात्रपाळी_नागपूर
कर्नल पॅरामीटरमध्ये (लिनक्सच्या गाभ्याला सुरू होताना द्यायच्या सूचनांत) एसीपीआय-बॅकलाइट नेटिव्ह टाका आणि रीबूट करा. माझ्या लॅपटॉपला लगेच फरक पडला.

टर्मिनलबाबा
लॅपटॉप आहे असं कोण म्हणालं? ते लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यासाठी. बाहेरून जोडलेल्या मॉनिटरचा उजेड कर्नलच्या बॅकलाइटच्या यादीत येतच नाही.

मुळामुठा
अक्षरजुळणी, बाकी सगळं ठेवा बाजूला, एकच करा. चित्र मंद झालेलं असताना मॉनिटरचं स्वतःचं बटण दाबून त्याचा मेनू उघडा. मेनू झळझळीत आणि मागचं चित्र काळवंडलेलं असेल तर दोष कॉम्प्युटर पाठवतोय त्या चित्रात. मेनूही तितकाच मंद असेल तर मागचा दिवाच खाली आलाय. आणि मेनूतला ब्राइटनेसचा आकडा वाचून इथे लिहा. नुसतं "कमी आहे" नको, आकडा.

बिनबुडाचा_लोटा
एवढा कुटाणा कशाला? मेनूत शेवटी फॅक्टरी रिसेट असतं. दाबा. माझ्या अनुभवात दहातले नऊ मॉनिटर त्यानेच सरळ होतात.

पेठेतला
'ब्राइटनेस'ला मराठीत उजळपणा हा चांगला शब्द आहे. 'मॉनिटर'लाही पडदा म्हणायला हरकत नसावी. निदान अक्षरजुळणी करणाऱ्यांनी तरी.

अक्षरजुळणी
रिसेट केलं, दोन्ही. लखलखीत झाले! धन्यवाद लोटाभाऊ. डावीकडच्याचं ब्राइटनेस ७५ आलं. धागा बंद करायला हरकत नाही.

बिनबुडाचा_लोटा
🙏 सांगितलं होतं.

अक्षरजुळणी
परत झालं. डावीकडचा मंद. मेनू उघडला, तोही मंदच. आकडा २२. मी हातही लावलेला नाही! आणि उजवीकडच्याचा वेगळाच ताल: तो मध्यम उजेडावर अडकलाय, मेनूत ब्राइटनेसची ओळ राखाडी, हलतच नाही. रिसेटच्या आधी हलत होती.

मुळामुठा
दोन वेगळ्या भानगडी आहेत. आधी डावा. ७५ चा २२ होताना तुम्ही समोर होता का?

अक्षरजुळणी
नाही, चहा टाकायला उठले होते. मग दाराशी कुरियरवाला आला. येऊन माऊस हलवला तर मंद. आता आठवतंय, बहुतेक वेळा असंच होतं, जेवून आले की वगैरे. हे महत्त्वाचं आहे का?

टर्मिनलबाबा
अहो ताई! हीच तर पहिली ओळ असायला हवी होती.

मुळामुठा
महत्त्वाचं आहे. आणि गेल्या महिन्या-दीड महिन्यात मशीनवर काही अपडेट झालं का? तुम्ही नाही, दुसऱ्या कुणीही.

अक्षरजुळणी
भाऊ गणपतीत आला होता, त्याने डेबियन १२ चं १३ केलं. पण ते मी नाही केलेलं.

कोकणचा_भोपळा
😂😂

मुळामुठा
मग कोडं सुटलं असं समजा. डेबियन १२ मध्ये केडीईचा डेस्कटॉप प्लाझ्मा ५.२७ होता, १३ मध्ये ६.३ आलाय. आताचा प्लाझ्मा बाहेरच्या मॉनिटरचा उजेडही केबलमधून बदलू शकतो. त्या बोलण्याला डीडीसी-सीआय म्हणतात. मॉनिटरचं बटण तुम्ही दाबावं तसं कॉम्प्युटर आतून दाबतो. खाली उजवीकडे सूर्याच्या चित्रावर क्लिक करा, प्रत्येक मॉनिटरची वेगळी पट्टी दिसेल.

तुम्ही उठून गेलात की पॉवर मॅनेजमेंट आधी उजेड उतरवतं, मग काही मिनिटांनी पडदा बंद करतं. ७५ चे तीन दशांश म्हणजे साडेबावीस, तुमचा २२ तोच. तुम्ही परत येऊन माऊस हलवलात की "७५ कर" असा निरोप जातो, पण मॉनिटर तेव्हा झोपेतून उठत असतो. ते दोन-तीन सेकंद तो कुणाचं ऐकत नाही. निरोप हवेत, आकडा २२ वरच. पुढच्या चहाला त्या २२ चे तीन दशांश. कधी सहा-सात आकडा दिसला होता का?

अक्षरजुळणी
हो!! गेल्या शुक्रवारी ७ होता. मला वाटलं भाच्याने बटणं दाबली. त्याला ओरडले पण.

मुळामुठा
भाच्याला चॉकलेट द्या. सिस्टिम सेटिंग्जमध्ये पॉवर मॅनेजमेंट, तिथे आपोआप डिम करण्याची ओळ आहे, ती "नेव्हर"वर ठेवा. पडदा बंद होण्याची वेळ आहे तशी राहू द्या, वीज वाचते. मग सूर्याच्या पट्टीवरून डावा ७५ वर आणा.

टर्मिनलबाबा
अर्धवट इलाज. मुळापासून तोडायचं तर पॉवरडेव्हिलचं, म्हणजे केडीईच्या पॉवर मॅनेजमेंटचं, मॉनिटरशी हे बोलणंच बंद करा. होम फोल्डरात टिंब-कॉन्फिग, त्यात प्लाझ्मा-वर्कस्पेस, त्यात एन्व्ही हे फोल्डर (नसेल तर करा). तिथे शेवटी टिंब-एसएच असलेली एक फाइल, आत एकच ओळ: एक्स्पोर्ट पॉवरडेव्हिल_नो_डीडीसीयूटिल=१. रोमनमध्ये लिहायची, एक्स्पोर्ट सोडून बाकी सगळं कॅपिटल. लॉगआउट, लॉगिन. माझ्याकडे असंच आहे. मॉनिटरच्या आतल्या मेमरीत दिवसातून वीसदा लिहिणं मला तरी पटत नाही.

रात्रपाळी_नागपूर
ती मेमरी झिजायच्या आधी मॉनिटर भंगारात जाईल हो.

टर्मिनलबाबा
तुमच्याकडचा जात असेल.

मुळामुठा
तुमचं चालू द्या. पण त्यांना पट्टी उपयोगी आहे. प्रूफ बघताना एक उजेड, रात्री मजकूर टाकताना दुसरा, बटणं न दाबता. मी तरी आधी फक्त डिम बंद करून बघेन. खात्री करायची तर डीडीसीयूटिल नावाचं, मॉनिटरशी असंच बोलणारं पॅकेज टाका आणि "डीडीसीयूटिल गेटव्हीसीपी १०" द्या. दहा हा ब्राइटनेसचा कोड आहे, बारा काँट्रास्टचा. चहाच्या आधी एकदा, नंतर एकदा. आकडा तोच राहिला की झालं.

कोकणचा_भोपळा
आणि उजवा?

मुळामुठा
तो रिसेटचा प्रसाद. बऱ्याच मॉनिटरना कारखान्यातून वीज वाचवणारा इको मोड चालू करूनच पाठवतात. रिसेट केलं की तो परत येतो आणि ब्राइटनेसला कुलूप लागतं, म्हणून ओळ राखाडी. मेनूत पिक्चर मोड किंवा पॉवर सेव्हिंग असं काहीतरी असेल. इको काढून स्टँडर्ड किंवा कस्टम करा. डायनॅमिक काँट्रास्ट दिसला तर तोही बंद. काळं पान उघडलं की तो आपल्या मनाने दिवा उतरवतो, फोटोचं काम करताना फसवणूकच.

बिनबुडाचा_लोटा
माझा सल्ला चुकीचा नव्हता. डावा सुधारला होताच.

टर्मिनलबाबा
चहा होईपर्यंत.

निवृत्त_वायरमन
स्टॅबिलायझर असता तर यातलं काही झालं नसतं.

अक्षरजुळणी
कालपासून दोन वेळा जेवण, चार वेळा चहा. डावा ७५ म्हणजे ७५. उजवा इकोतच होता, काढला, ब्राइटनेस हलायला लागला. त्याची पट्टी मात्र सूर्याखाली दिसत नाही. केबल बघितली तर मधे एक डबीसारखं काहीतरी जोडलंय, जुना व्हीजीए मॉनिटर आहे तो.

मुळामुठा
मग ती डबी निरोप पुढे जाऊ देत नसणार. राहू द्या. म्हणून तर तो डिमपासून वाचला असेल.

टर्मिनलबाबा
थांबा. मग तो पहिल्यापासून मंद का होता? पहिल्या पोस्टमध्ये "दोन्ही" होते.

अक्षरजुळणी
तो कदाचित नेहमीच तसा होता. डावा बिघडल्यावर मी दोन्हीकडे संशयाने बघायला लागले. खरं सांगायचं तर त्याच्यावर मी फक्त फाइलींची यादी आणि मेल ठेवते.

टर्मिनलबाबा
🙏

अक्षरजुळणी
आता उजळ केलेले १९ फोटो परत मूळ फाइलींवरून घ्यायचेत. दुरुस्तीवाल्याला नको म्हणून कळवलं. सगळ्यांना धन्यवाद, मोतीबिंदूवाल्या ताईंनाही.

पेठेतला
कुठला दिवाळी अंक ते नाही सांगितलंत. यंदा लेखकांना मानधन देणार आहेत का?

अक्षरजुळणी
ते संपादकांना विचारा. मी पानामागे घेते, तेही दिवाळी झाल्यावर.